सार्डिनियातली ‘पऱ्यांची घरं’: आत गेल्यावर आधी छत पाहा

प्रश्न थोडक्यात असा: एक कुटुंब वसंतात इटलीच्या सार्डिनिया बेटावर जाणार आहे. तिथे अल्गेरो गावाजवळ खडकात कोरलेली बुटकी दारं दाखवतात, त्यांना ‘दोमुस दे यानास’ म्हणजे पऱ्यांची घरं म्हणतात, असं त्यांच्या वाचनात आलं. ही खरोखर थडगी आहेत का, लोखंड नसताना ती कोरली कशी, दारं एवढी लहान का, आणि आपल्या लेण्यांशी त्यांचं काही नातं लागतं का, असं त्यांनी विचारलं आहे. खडकात कोरलेल्या वास्तूंची मोजणी आणि नोंदणी हेच माझं वीस-बावीस वर्षांचं काम आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

हो, थडगीच आहेत. बेटावर आजवर नोंद झालेल्या अशा थडग्यांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास सांगितली जाते. कुठे एकटंदुकटं थडगं, कुठे तीस-चाळीसांची वस्ती. कोरायला सुरुवात झाली ती इ.स.पू. 4000च्याही थोडी आधी, ज्याला तिथले पुरातत्त्वज्ञ सान चिरियाको संस्कृती म्हणतात त्या काळात. खरा बहर आला तो त्यानंतरच्या ओझिएरी संस्कृतीत. ओझिएरी हे उत्तर सार्डिनियातलं गाव, तिथल्या सान मिकेले गुहेत सापडलेल्या भांड्यांवरून हे नाव पडलं. माणसं शेती करणारी, गुरं पाळणारी. मोंते आर्ची डोंगरातला काळा काचदगड, म्हणजे ऑब्सिडियन, त्यांच्या हत्यारांत सर्रास दिसतो. गिझाचे पिरॅमिड उभे राहिले त्याच्या कितीतरी शतकं आधी हे लोक आपल्या मृतांसाठी खडकात खोल्या कोरत होते. जुलै 2025मध्ये यातल्या निवडक स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यामुळे आता चौकशी वाढली आहे आणि तिचा मला मनापासून आनंद आहे.

नावाचं आधी सांगते. ‘याना’ म्हणजे सार्डिनियाच्या लोककथांतली वीतभर उंचीची बाई, कुठे परी तर कुठे चेटकीण. ती सोन्याच्या मागावर कापड विणते आणि उजेड सोसत नाही म्हणून रात्रीच बाहेर पडते. थडगी कुणी कोरली याची आठवण पुसली गेली, दारं तेवढी उरली, आणि एवढ्याशा दारातून ये-जा करणारं कोण असेल याचं उत्तर गावकऱ्यांनी कथेतून दिलं. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, तिथेही हेच घडलं. बेटाच्या दक्षिणेकडे याच थडग्यांना ‘फोर्रेद्दुस’, म्हणजे छोट्या भट्ट्या, असंही म्हणतात. धनगराला ते भोक भट्टीसारखं दिसलं, आजीला परीच्या घरासारखं.

आता दाराकडे या. बहुतेक ठिकाणी ते दार म्हणावं की खिडकी, असा प्रश्न पडतो. हात-सव्वा हात रुंद, जवळजवळ चौकोनी, आणि जमिनीपासून वर. उंबरठा ओलांडता येत नाही, हात टेकून, डोकं आधी घालून आत सरकावं लागतं. सरकताना चौकटीच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवायचा मोह होतो (फिरवू नका, नुसतं बघा). तिथे चारी बाजूंनी बोटभर खोल खाच दिसेल. कपाटाच्या दाराला बसण्यासाठी सुतार जशी खाच ठेवतो तशीच. दगडी पाटी या खाचेत बसवून दार बंद करायचे, आणि पुढचा मृत आला की पाटी काढून पुन्हा लावायचे. दार लहान असण्याचं पहिलं कारण मला तरी ही खाच वाटते. दोघांना उचलता येईल एवढ्या पाटीने नीट बंद होईल, जनावर शिरणार नाही, वरचा खडक कमकुवत होणार नाही, एवढंच तोंड त्यांनी ठेवलं. वाकून, सरपटत आत जाण्यात काही विधीचा भाग असेलही, आणि आत गेलेल्या माणसाला तसं वाटल्याशिवाय राहत नाही. पण माणसं बुटकी होती हा तर्क सोडून द्या. आत गेल्यावर कित्येक दालनांत तुम्ही ताठ उभे राहाल.

आणि उभं राहिलात की वर पाहा. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तिथे आहे, आणि दहातले नऊ जण जमिनीकडे पाहून परत जातात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मीही कोपऱ्यांची मापं घेत गुडघ्यांवर होते. टेप जमिनीवर ठेवायला म्हणून उताणी झाले, विजेरी कडेला ठेवलेली होती, तिचा उजेड छतावर तिरका पडला, आणि खडकातून वासे वर आले. मधोमध आढं, त्याच्या दोन्ही बाजूंना उतरत गेलेली पाखं, पाखांवर सारख्या अंतराने समांतर वासे. दोन-तीन बोटं उठावाचे, कडा अजून धारदार. आमच्या आजोळच्या कौलारू घरात माळ्यावर निजलं की जे दिसायचं, तेच. फरक इतकाच की इथे वर कौलं नव्हती, अख्खा डोंगर होता. हे वासे कशाचाही भार पेलत नाहीत. खडकाला आढ्याची गरज नसते. कोरणाऱ्याने ते कोरले, कारण त्याच्या घराला आढं होतं.

याचं मला एवढं अप्रूप का, ते सांगते. आमच्या पिढीचं उत्खननाचं शिक्षण इनामगावच्या अहवालांवर झालं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठची ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती. तिथे घर म्हणजे काय सापडतं? चोपून केलेली जमीन, चूल, धान्याच्या कणगीची बैठक, आणि मातीत खांब कुजून गेल्यावर उरलेली काळपट गोल भोकं. त्या भोकांवरून आम्ही भिंत उभी करतो, अंदाजाने छप्पर घालतो. छप्पर प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. सार्डिनियातही तीच गत आहे. ओझिएरी काळातल्या जिवंत माणसांच्या झोपड्यांचे आज जमिनीतले खड्डे आणि खांबांच्या खुणा एवढंच उरलं आहे. लाकूड गेलं, गवत गेलं, कुडाची माती पावसाने वाहून नेली. पण मृतांना त्यांनी तेच घर खडकात कोरून दिलं, आणि ते सहा हजार वर्षं टिकलं. उत्खननातून कधी हाती येणार नाही असं घराचं छत या थडग्यांनी सांभाळून ठेवलं आहे. म्हणून मी सांगते की ही थडगी बघायला जाताना घर बघायला जातोय असं समजून जा.

बोनोर्वा गावाजवळचं सांत आंद्रेआ प्रिउ हे यासाठी सर्वांत चांगलं ठिकाण. ज्वालामुखीजन्य खडकाच्या कड्यात वीसेक थडगी आहेत. एक थडगं दोन पाख्यांच्या घराचं, त्यात आढं-वासे स्वच्छ दिसतात. दुसरं गोल झोपडीचं, ज्याचं छत शंकूसारखं, आणि मधल्या टोकापासून छत्रीच्या काड्यांसारखे वासे भिंतीकडे उतरलेले. म्हणजे दोन प्रकारची घरं होती, हे एकाच कड्यात शेजारी शेजारी कळतं. तिसरं, ज्याला ‘मुखियाचं थडगं’ म्हणतात, ते तर वाडाच आहे, अठरा खोल्यांचा. बाहेर अर्धगोल ओसरी, आत खांब असलेली एकामागोमाग दोन मोठी दालनं, त्यांच्या कडेने लहान खोल्या. नाव अर्थात आधुनिक. मुखिया होता की नव्हता, हे खडक सांगत नाही.

घर म्हणून बघायला लागलं की बाकीच्या गोष्टीही जागेवर बसतात. काही थडग्यांच्या जमिनीत मधोमध उठावाचं गोल कडं असतं, ती चूल. जिच्यात कधी जाळ झाला नाही अशी. भिंतीलगत ओटे असतात. आणि मागच्या भिंतीवर, बहुधा दाराच्या अगदी समोर, एक खोटं दार कोरलेलं असतं. चौकट, वरची आडवी पट्टी, सगळं आहे, मागे मात्र निव्वळ खडक. जिवंत माणसाने यायचं ते इथपर्यंत, पुढचा रस्ता मेलेल्याचा, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात आणि मलाही तो पटतो. तिएझी गावाजवळच्या मांद्रा आंतिने इथल्या थडग्यात हे खोटं दार रंगवलेलं आहे. लाल रंगात दार, त्याभोवती बैलाची शिंगं, छताचे वासेही रंगात. गेरूचा तो लाल अजून ओला वाटावा इतका गडद आहे.

शिंगांचं काय? शिंगं जिकडे तिकडे आहेत. अल्गेरोजवळच्या आंगेलु रुयुमध्ये काही थडग्यांच्या दाराशेजारी बैलाची डोकी उठावात कोरली आहेत. कुठे डोक्यासकट, कुठे नुसती नावेच्या आकाराची वक्र रेघ. दक्षिणेकडच्या मोंतेस्सुला शिंगांच्या जोडीला गुंडाळत गेलेली चक्रं आहेत. मार्गदर्शक तुम्हाला सांगतील की बैल म्हणजे पुरुषदेवता आणि चक्र म्हणजे मातृदेवता. तसं असेल, नसेलही. लिपी नसलेल्या लोकांच्या देवांची नावं मी घेत नाही. मला दिसतं ते एवढं, की शिंगं बहुतेक वेळा दाराशी, खांबाशी किंवा खोट्या दाराभोवती येतात, म्हणजे जिथे आत-बाहेर होतं तिथे. ज्यांचं सगळं गुराढोरांवर चालायचं, त्यांच्या राहत्या घराच्या दारावर खरी शिंगं टांगलेली असणं अवघड नाही.

लोखंड नव्हतं, तांबं नुकतंच येऊ घातलं होतं, मग कोरलं कसं? दगडाने. बेसाल्ट, क्वार्टझाइट अशा कठीण दगडांचे टोकदार टिकाव थडग्यांमध्ये आणि आजूबाजूला सापडले आहेत. आपल्याला घडीव बेसाल्टची सवय, म्हणून हे अशक्य वाटतं. पण खडकाची निवड बघा: आंगेलु रुयुला वालुकाश्म, पुत्तु कोदिनुला चुनखडकाच्या जातीचा दगड, बोनोर्वा-मोंतेस्सुला मऊ ज्वालामुखी खडक. ग्रॅनाइटच्या मुलखातही थडगी आहेत, तिथे साहजिकच ती लहान आणि साधी आहेत. जिथे दगड दबतो तिथे वाडा, जिथे दबत नाही तिथे खोली. सपाट जमीन असेल तर आधी उतरता बोळ किंवा पायऱ्यांचा खड्डा खणायचा, कडा असेल तर थेट तोंडावर दार पाडायचं, मग त्या भोकातून आत एकाने टिकाव चालवायचा आणि मागच्याने खडी ओढून काढायची. एका वेळी एवढीच जागा असते. मोठी थडगी एका झटक्यात झालीच नाहीत. एक खोली, मग काही काळाने तिच्या भिंतीत दार पाडून दुसरी, असं घर वाढत गेलं.

हे भिंतीवर वाचता येतं. विजेरी भिंतीला जवळजवळ चिकटवून धरा, उजेड समोरून नको. दगडी टिकावाची खूण म्हणजे आखूड, उथळ खळगी, एकमेकांवर चढलेल्या, देवीच्या व्रणांसारख्या. लोखंडी छिन्नीची खूण म्हणजे लांब, सरळ, बारीक चर. दोन्ही एकाच भिंतीवर दिसले, आणि चर खळगींना कापत गेलेले असले, तर समजा की हजारो वर्षांनी कुणीतरी खोली वाढवली आहे. हे सारखं होतं. माझ्या कामात निम्मा वेळ याच खुणा वेगळ्या करण्यात जातो.

कारण ही थडगी कधी मोकळी राहिलीच नाहीत. मृतांना बहुधा पाय पोटाशी घेऊन निजवत, सोबत भांडी, मणी, दगडी पाती ठेवत. जागा भरली की जुनी हाडं कडेला सारून नव्याला जागा करत. त्या लोकांच्या नंतर तांबं वापरणारे आले, त्यांनीही मृतांना इथेच आणलं. आंगेलु रुयु 1903मध्ये उजेडात आलं, शेतमळ्यावरच्या घराच्या बांधकामासाठी खणताना. एक कवटी आणि तीन पायांचं भांडं निघालं, आणि पुढच्या वर्षी आंतोनियो तारामेल्ली यांनी उत्खनन सुरू केलं. तिथे आता अडतीसच्या आसपास थडगी माहीत आहेत, आणि त्यांतून ओझिएरी भांड्यांच्या जोडीला इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकातले घंटेच्या आकाराचे पेलेही निघाले, जे पश्चिम युरोपभर सापडतात. पोर्तो तोर्रेसजवळच्या सु क्रुचिफिस्सु मान्नुमध्ये त्याहूनही उशिराची, शस्त्रक्रियेने भोक पाडलेली कवटी मिळाली. म्हणून ‘आत अमुक भांडं सापडलं, म्हणजे थडगं त्या काळातलं’ हा हिशेब इथे चालत नाही. भांडं शेवटच्या पाहुण्याचं असू शकतं. आणि आम्लधर्मी मातीत हाडं विरघळतात, त्यामुळे ज्वालामुखी खडकातल्या कित्येक थडग्यांत किती माणसं ठेवली होती हे मोजताच येत नाही.

पुढची कहाणी आणखी लांब. कांस्ययुगात, नुरागी नावाचे दगडी बुरूज बांधणाऱ्या लोकांनी सास्सारी भागातल्या काही थडग्यांच्या दर्शनी भागावर कमानीदार तोंड कोरलं. त्यांच्या स्वतःच्या ‘राक्षसांच्या थडग्यां’ना जशी उभी शिळा असते, तिची ती नक्कल. फ्लोरिनासजवळचं काम्पु लोंतानु याचा ठळक नमुना. सांत आंद्रेआ प्रिउचं मुखियाचं थडगं ख्रिस्ती काळात चर्च झालं, भिंतींना गिलावा झाला, त्यावर येशूच्या आयुष्यातले प्रसंग रंगवले गेले. सेदिनी गावात तर मोठ्या खडकातलं ‘ला रोक्का’ नावाचं थडगं भर रस्त्यावर आहे. ते एके काळी तुरुंग होतं, मग राहतं घर झालं, आता तिथे गावच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय आहे. मेलेल्यांसाठी कोरलेल्या घरात शेवटी माणसं राहिली. शुद्ध प्राचीन अवस्थेच्या हट्टाने हे सगळे थर पुसून टाकावेत, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. चित्राखालचा गिलावा हाही त्या घराचाच भाग आहे.

आता आपल्या लेण्यांशी नातं. इतिहासाच्या अर्थाने काहीही नाही. मध्ये साडेतीन हजार वर्षांचं अंतर आहे, आपल्या लेण्यांचे कारागीर लोखंडी छिन्न्या वापरत होते, आणि लेणी भिक्षूंच्या राहण्या-पूजण्याची जागा, दफनाची नव्हे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी दिसते: लाकडी बांधणी दगडात उतरवण्याची ओढ. भाजे-कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताच्या कमानींना खऱ्या लाकडाच्या फासळ्या लावल्या आहेत, त्या दगडाला कसलाही आधार देत नाहीत. भाज्याला खांब आतल्या बाजूला कलते कोरले, कारण लाकडी वास्तूत ते तसे असत. सार्डिनियात एकही लाकूड उरलेलं नाही, नुसता त्याचा दगडातला ठसा आहे. ज्याने भाजे लक्ष देऊन पाहिलं आहे, त्याला हा ठसा ओळखायला वेळ लागणार नाही. थडगं म्हणून भारतातलं जवळचं उदाहरण हवं असेल तर केरळात बघा. त्रिशूर जिल्ह्यात चोव्वन्नूरसारख्या ठिकाणी जांभ्यात कोरलेली लोहयुगीन दफनदालनं आहेत, तशीच बुटकी चौकोनी दारं, आत ओटे. नातं तिथेही नाही. मऊ दगड आणि मृतांना खोली देण्याची इच्छा एकत्र आली की हात बहुधा सारखेच चालतात.

मृतांना घरात ठेवण्याची ओढ आपल्याकडेही होती, फक्त उलट्या दिशेने. इनामगावला लहान मुलं गेली की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत त्यांना ठेवत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. त्यांनी मेलेल्याला आपल्या घरात घेतलं, ओझिएरीच्या लोकांनी मेलेल्याला स्वतःचं घर दिलं.

जाताना काय कराल ते सांगते. अल्गेरोत मुक्काम असेल तर आंगेलु रुयु अगदी जवळ, विमानतळाच्या वाटेवर. सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असताना शिंगं दिसतात, दुपारी ती भिंतीत विरून जातात. तिथली छतं मात्र फारशी बोलकी नाहीत, म्हणून एवढंच पाहून परतू नका. सास्सारीच्या सान्ना संग्रहालयात तिथून निघालेल्या वस्तू आहेत, त्या थडग्यांच्या आधी नव्हे, नंतर बघा. उत्तरेला कास्तेलसार्दोच्या वाटेवर सोंड लोंबवून उभ्या हत्तीसारखा एक खडक आहे, त्याच्या पोटात दोन थडगी कोरलेली आहेत आणि एकात शिंगंही आहेत. मुलं सोबत असतील तर तिथे थांबाच.

कोरीव कामावर खडू फिरवू नका, फोटोत उठून दिसावं म्हणून पाणी मारू नका. ओल्या दगडातले क्षार पृष्ठभागावर येतात आणि पापुद्रा सुटतो. हे आपल्या लेण्यांत मी इतकं पाहिलं आहे की हात जोडून सांगते. गुडघ्याला जाड कापड बांधा, साधी विजेरी घ्या, मोबाइलचा झगझगीत दिवा सगळं सपाट करून टाकतो.

आणि एक दिवस बोनोर्वासाठी काढा. सांत आंद्रेआ प्रिउला गेलात की चित्रांच्या चर्चकडे वळण्याआधी गोल झोपडीच्या थडग्यात शिरा, जमिनीवर बसा, विजेरी भिंतीलगत ठेवा आणि डोळे सरावेपर्यंत थांबा. वासे एकदम दिसत नाहीत. आधी एक दिसतो, मग त्याच्या शेजारचा, आणि मग सगळं छप्पर.